शंखात उतरलेले नवग्रह

ज्या रूपाला हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरीही ज्याने प्रलयाच्या पाण्यातून सृष्टीची नौका ओढून नेली, त्या मत्स्यरूपी श्रीनारायणाला प्रथम साष्टांग वंदन. आज चैत्र शुद्ध तृतीया. पंचांगात मत्स्यजयंती आहे, आणि आमच्या घरी चैत्रगौर झोपाळ्यावर बसली आहे. सायंकाळी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सुवासिनीने देवघरापुढे वाकून उठताना एकच प्रश्न विचारला, "काकू, तुमचे शंख कुठं गेले?" माझ्या सौभाग्यवतीने प्रत्येकीच्या हातात पन्ह्याचा पेला आणि आंब्याच्या डाळीची वाटी दिली आणि सर्वांना एकच उत्तर दिले, "यांना विचारा." असा प्रश्न वसाहतीत मोकळा सोडणे बरे नव्हे. म्हणून लिहितो.

आमच्या देवघरात दोन शंख होते. एक पूजेचा. त्यात पाणी भरून देवाच्या डावीकडे ठेवायचा आणि शेवटी ते पाणी सर्वांवर शिंपडायचे. तो पत्नीच्या माहेरचा, पैठणहून तिच्याबरोबर आलेला. दुसरा आरतीच्या वेळी फुंकण्याचा. त्याचे टोक कापून छिद्र केलेले असते, त्यावाचून नाद निघत नाही. तो माझा. पहिल्याचे तोंड एक, दुसऱ्याची दोन. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे सर्व शास्त्र याच छिद्रातून गेले आहे.

गेल्या कार्तिकात नात एक मोठी काचेची पेटी घेऊन घरात शिरली. ती प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. मुलगा-सून पुण्याला, ही शिक्षणासाठी आमच्याकडे. पेटीमागोमाग मिठाच्या पिशव्या आल्या, पाणी खेळवणारा पंप आला, आणि शेवटी एका फुगवलेल्या पिशवीत कोकणच्या किनाऱ्यावरून आलेले नऊ मासे.

हा मासा करंगळीएवढा. समुद्रकाठच्या खडकांत भरतीचे पाणी साचून जी डबकी होतात, त्यांत तो राहतो. कपाळ उंच, ओठ जाड, डोळे वर चढलेले, आणि चेहऱ्यावर अखंड आक्षेप. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आहे. मागच्या बाकावरचे असे चेहरे मला परके नाहीत.

"मासे?" पत्नीने उंबऱ्यातच विचारले. "माझ्या घरात? आन् खातात काय ते?"

"शेवाळ, आजी. उकडलेला पालकसुद्धा खातात."

"कांदा-लसूण?"

"नाही गं, आजी."

यावर पत्नीचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा, पेटी उत्तरेच्या खोलीत ठेवायची आणि सोवळ्यात तिकडे फिरकायचे नाही, या दोन अटींवर मिटला.

उत्तरेची खोली नातीलाही हवीच होती. तिचे म्हणणे असे की कोकणच्या किनाऱ्यावर म्हणावी तशी थंडी पडत नाही. प्रयोगशाळेत ती यंत्राने करावी लागते, आणि मागच्या हिवाळ्यात ते यंत्र बिघडून तिचे सगळे मासे एका रात्रीत गेले होते. उलट आमच्या उत्तरेच्या खोलीत पौषात पाय ठेवला की दात आपोआप वाजू लागतात. "आबा, थंडीत हे मासे कुठलं घर निवडतात, एवढंच मला बघायचंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात अंडी किती घातली हे सगळे मोजतात. पण पुढच्या वर्षी मासे किती होणार ते त्यावर ठरत नाही. हिवाळ्यातून अंगात बळ राखून कोण बाहेर पडलं, त्यावर ठरतं. चांगलं घर मिळालं तर वसंतात पिल्लं. नाही मिळालं तर काहीच नाही."

"आणि हे नऊही गेले तर?"

ती पंपाची नळी बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "तर माझं वर्ष गेलं. किनाऱ्यावर काम करायला मिळणार होतं, तेही गेलं. सर म्हणालेत, हा शेवटचा हिवाळा."

पत्नी उंबऱ्यातून हे ऐकत होती. संध्याकाळी तिने देवापुढे नेहमीपेक्षा एक वात जास्त लावली. कारण विचारले तर म्हणाली, "तेल सांडायलं होतं."

नातीने पेटीत दोन घरे मांडली. डावीकडे खडकाचे तुकडे एकावर एक रचून फटी ठेवल्या. उजवीकडे शेवाळाची दाट झाडी. मधे वाळू. रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, कोणता मासा कुठे निजला आहे ते ती पाहून ठेवी. झुंजूरमास लागला तेव्हा पत्नीही त्याच वेळी उठू लागली. त्या महिन्यात सूर्य उगवण्याच्या आत देवाला मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवायचा असतो. एक आजी लोणी काढते आहे, एक नात विजेरी लावून मासे पाहते आहे, आणि मी दुलईतून दोघींची विचारपूस करतो आहे, असा आमचा ब्राह्ममुहूर्त जात असे.

माशांना नवग्रह हे नाव मीच दिले. एक तर ते नऊ. दुसरे म्हणजे मंदिरातल्या नवग्रहांसारखे त्यांतील कोणीही दुसऱ्याकडे तोंड करून बसत नसे. एक काळपट मासा दिवसभर कोपऱ्यात बसून सर्वांकडे वक्रदृष्टीने पाही. त्याची ग्रहदशा सांगण्याची आवश्यकता नाही. पत्नी त्याच्यासमोरून जाताना पदर सावरून घेई.

मी नातीला सांगितले की भगवंत मत्स्यरूपाने प्रथम राजर्षीच्या ओंजळीत आले. मग त्यांना कमंडलू अपुरा पडला, मग घडा, मग तळे, मग नदी. मासा नेहमी मोठे घर मागतो, अशी आपली परंपरा आहे.

"आबा, भगवंत हिवाळ्यात आले नसतील," ती म्हणाली. "थंडीत सगळ्यांना लहानच घर लागतं. तुम्हीच बघा ना."

मी त्या वेळी दुलईत होतो. फक्त नाक बाहेर होते. मी परंपरेचा मुद्दा पुढे ताणला नाही.

मार्गशीर्षाच्या अखेरीस पत्नी चिंचेने देवाची उपकरणी घासत होती, तेव्हा पूजेचा शंख तिच्या ओल्या हातातून निसटला. फुटला नाही, पण ओठाशी चीर गेली. खंडित शंख पूजेत चालत नाही. तो आदराने पाण्यात सोडावा लागतो. मुलाला फोन झाला. त्याने पैठणला नेऊन गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडण्याचे मान्य केले, आणि मग मान्यच करत राहिला. या रविवारी काम, त्या रविवारी पाहुणे. शंख रेशमी खणात गुंडाळून कपाटावर बसला. पत्नी येता-जाता कपाटाकडे पाही आणि सुस्कारा टाकी. माहेरचे माणूस फलाटावर तिष्ठत ठेवल्यासारखे तिला होत असे.

एके दिवशी मी पोथी वाचत असताना तिने विचारले, "अहो, शंख सोडायला गंगा चांगली का समुद्र?"

"समुद्र," मी म्हणालो. "शंखाचे जन्मस्थानच ते. स्वगृही पोचवणे हे सर्वोत्तम."

त्याच दुपारी, नात बादलीत मीठ कालवत असता, तिने तिलाही विचारले, "हा समुद्र खराच आहे का गं?"

"खराच म्हण, आजी. समुद्रात जे जे असतं ते सगळं यात आहे."

शास्त्र आणि विज्ञान यांचे असे एकमत क्वचितच होते. पत्नीने पुढे कोणालाच काही विचारले नाही.

दुसऱ्या पहाटे नातीची किंकाळी ऐकून मी दुलईसकट उत्तरेच्या खोलीत गेलो. पेटीत मासे दिसेनात. खडकांच्या फटी रिकाम्या. शेवाळात एकच मासा, अंग चोरून. बाकीचे ग्रह अस्ताला गेलेले.

त्याच वेळी दौलताबादकडून येणारा आमचा दूधवाला दारात उभा होता. त्याने खिडकीतून मान घातली. "काय झालं, आजोबा? समिंदर आटला व्हय?"

"मासे दिसत नाहीत."

"मग मांजरानं नेले आसतील. आवो, ब्राह्मणाच्या घरचं मांजर लई दिसाचं उपाशी आसतंय!"

नात रडण्याच्या बेतात होती. मी झाकण पाहिले, ते घट्ट होते. तेवढ्यात मला पाण्यावर काहीतरी हिरवे तरंगताना दिसले. चष्मा लावून पाहिले. तुळशीचे पान. कडेने कुरतडलेले. तळाशी अक्षतांचे दोन दाणे. आणि खडकांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, काहीतरी पांढरे, गंध लावलेले.

मी पत्नीकडे पाहिले. ती अतिशय तन्मयतेने लोणी धूत होती.

नातीने विजेरी त्या शंखाच्या तोंडावर धरली. आतून डोळे चमकले. एकावर एक, एकाआड एक, आक्षेप घेणारे चेहरे. सर्वांत पुढे दाराशी तो काळपट, वक्रदृष्टी. जन्मात एकमेकांकडे न पाहिलेले ग्रह एका शंखात दाटीवाटीने बसले होते, आणि कोणाचीही तक्रार दिसत नव्हती.

मला हसू आवरेना. मत्स्यावतारात भगवंतांनी ज्या दैत्याचा वध केला तो शंखात दडला होता. मासा आणि शंख यांचे वैर इतके जुने, आणि ते आमच्या उत्तरेच्या खोलीत एका रात्रीत मिटले.

"आजी!" नात ओरडली. "काय केलंस हे?"

"काय केलं म्हंजे? विसर्जन केलं. यांना विचारून केलं, तुला विचारून केलं."

"तुळस कशाला टाकलीस?"

"मग काय कोरडंच पाठवू माहेरचं माणूस? आन् बघ, खाल्ली त्यांनी तुळस. वैष्णव आहेत."

"अगं, माझे दोन कोपरे ठरलेले होते! इतके दिवस मी पहाटे उठले, ते सगळं वाया गेलं. आता कोण विश्वास ठेवेल?" आणि तिला खरेच रडू फुटले. "काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

"पाण्यात सोडलेलं परत काढत नसतात," पत्नीचाही स्वर कापरा झाला. "एकदा निरोप दिलेला आहे मी."

दोघी माझ्याकडे वळल्या. "आबा, तुम्ही सांगा शास्त्र." "हं, सांगा."

निर्णयाला वेळ हवा असला की मी चष्मा पुसतो. त्या दिवशी तो पुष्कळ पुसला. मग सांगितले, "जलाला दिलेले ते जलचरांचे. ते आपण काढू शकत नाही. परंतु त्यांनी आपण होऊन सोडले, तर ती वस्तू निर्माल्य झाली. मग काढावी."

"हे शास्त्र आहे का आजीची भीती?" नातीने डोळे पुसत विचारले.

"बाळ, मला दोन्ही प्रमाणे मान्य आहेत."

आम्ही माशांपुढे पालक धरला. ग्रह बाहेर आले, पालक खाल्ला, आणि पुन्हा शंखात जाऊन बसले. निर्णय लागला.

नातीने तिच्या सरांना फोन लावला. घडले ते लपवले नाही, तुळशीसकट सांगितले.  फोनमधून गृहस्थ खदखदून हसले. "अगं, काढू नकोस. घडलं तसं लिहून ठेव आणि नव्यानं सुरुवात कर, थंडी अजून आहे. पण त्यांना शंख आवडला की तो कोपरा, हे कसं कळणार? तसाच दुसरा शंख समोरच्या कोपऱ्यात ठेवून बघ. मिळेल का?"

"आता शंख कुठून आणू?" नात म्हणाली.

पत्नीने पदराने डोळे पुसले. तिच्या मुद्रेवर मला ओळखीचा प्रकाश दिसला. "यांचा आहे की."

मी म्हणालो की माझा शंख अखंड आहे, त्याच्या विसर्जनाचे काही प्रयोजन नाही.

"विसर्जन कोण म्हणतंय? चार दिवस पाहुणा पाठवा. माझं माहेर गेलं पाण्यात, तुमचा एक शंख जाईना? आन् पोरीचं वर्ष आहे."

 ज्या शंखाचा नाद ऐकून वसाहतीतली मुले परीक्षेच्या दिवसांत कानांत बोटे घालीत, तो मी स्वहस्ते धुतला आणि समोरच्या कोपऱ्यात ठेवला. मनातून मला अभिमानच होता. आकाराने तो मोठा, घाट सुंदर. ग्रहांपैकी निम्मे तरी मजकडे येतील अशी माझी खात्री होती.

पहाटे मी कोणी हाक मारण्यापूर्वीच उठलो. पत्नीचा शंख भरलेला. माझा रिकामा. नात म्हणाली की दोन मासे माझ्या शंखात शिरलेले तिने पाहिले होते, पण ते लगेच बाहेर पडले.

"का बरे?"

पत्नी मागून म्हणाली, "वारा शिरतो तुमच्यात. मला तर पहिल्यापासून माहीत आहे."

नातीने तिच्याकडे पाहिले, मग शंखाकडे, आणि एकदम गंभीर झाली. पंपाचे पाणी माझ्या शंखाच्या टोकाच्या छिद्रातून आत येत होते आणि तोंडावाटे बाहेर पडत होते. "आजी, तू बरोबर बोललीस," ती हळू म्हणाली. "थंडीत यांच्या अंगात जोर नसतो. आतून पाणी वाहत असलं तर रात्रभर त्याच्याशी झुंजत बसायला लागतं. म्हणून ते फटींतही टिकले नाहीत, माझ्या फटी दोन्ही बाजूंनी उघड्या होत्या. आबा, मेण आहे?"

देवघरात मेण होते. ज्या छिद्रातून मी आयुष्यभर प्रणव फुंकला, ते नातीने बोटाने मेण दाबून बुजवले. मी त्या वेळी दुसरीकडे पाहत होतो. दोन पहाटा गेल्या, आणि तिसऱ्या पहाटे माझ्या शंखाच्या तोंडाशी दोन जाड ओठ दिसले. मग आणखी एक चेहरा. मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

मग नातीने मेण काढले, तर ते गेले. लावले, तर आले. शंखांचे कोपरे बदलले, तरी तेच. त्यांना कोपरा नको होता, शंखही नको होता. पाठीमागून बंद आणि पुढून उघडे, एवढेच घर त्यांना हवे होते. तिने खडकांच्या फटीही मागून बुजवल्या, तर तिथेही एक जण राहायला गेला.

संक्रांतीच्या सुमारास कडाक्याची लाट आली. सकाळी खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येत असे. नात घास गिळत नव्हती. घरांत बसलेले मासे हलत नव्हते, पण डोळे सजग होते. शेवाळातला एक मात्र कुठल्याच घरात आला नाही. एका सकाळी तो वाळूवर आडवा होता. नातीने त्याला हातात घेतले आणि ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. पत्नीने तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली. मग पेटीपाशी जाऊन त्या वक्रदृष्टीला उद्देशून ती म्हणाली, "बाबा, आता तुझ्याच हातात आहे. बाकीच्यांना सांभाळ." साडेसातीत माणसे ज्याची मनधरणी करतात, त्याची तिने त्या दिवशी मनापासून केली.

लाट ओसरली. महाशिवरात्रीनंतर उन्हे खोलीत शिरू लागली, ग्रह बाहेर पडून पुन्हा एकमेकांकडे पाठ करू लागले. फक्त तो काळपट पत्नीचा शंख सोडेना. इतर कोणी जवळ आले की धावून जाई, आणि परत आत जाऊन शेपटीने पाणी हलवीत बसे. नातीने विजेरीने आत पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. शंखाच्या आतल्या भिंतीवर मोहरीहून बारीक अंडी चिकटली होती, दाटीने, एकाशेजारी एक.

"अंडी घातली आन् राखायला बसली माय," पत्नी कौतुकाने म्हणाली.

"माय नाही, आजी, तो बाप आहे. यांच्यात बापच राखतो."

"आन् आई?"

"आई अंडी घालून गेली फिरायला."

पत्नीने माझ्याकडे जी नजर टाकली तिचे वर्णन मी करत नाही. त्या सायंकाळी चहा मी केला.

नातीने आपला निष्कर्ष मांडला तेव्हा परीक्षकांनी तुळशीविषयी विचारले म्हणे. तिने खरे सांगितले. ते हसले, आणि तिला किनाऱ्यावरचे काम मिळाले. मासे त्यांच्या मूळच्या डबक्यात परत सोडायचे होते. अंड्यांवर बसलेला बाप शंखातून काढणे शक्य नव्हते, म्हणून पत्नीचा शंख त्याच्यासह गेला. माझ्यात दोघे असे दडून बसले होते की हलवता हलेनात. मीच म्हणालो, असू दे, जाऊ दे. आणि ज्या मुलाला पैठणपर्यंत जायला रविवार सापडत नव्हता, तो लेकीसाठी पेटी मांडीवर धरल्यासारखी गाडी हळू चालवत थेट कोकणात गेला.

परवा तिचा फोन आला. ओहोटीला तिने दोन्ही शंख खडकाच्या कपारीत नीट बसवले, तोंडे समुद्राकडे. माझ्या शंखाच्या टोकाला मेणाऐवजी दगडाची चीप घट्ट लावली. भरती येऊन गेल्यावर पाहिले तर वक्रदृष्टी दाराशी होती. शंख समुद्रात पोचले, विसर्जन पूर्ण झाले. पत्नीने फोन कानाला लावूनच हात जोडले.

तर सुवासिनींनो, आमचे शंख कामावर गेले आहेत. आरतीला मी आता नुसती टाळी वाजवतो, आणि वसाहतीतली मुले मला आदराने नमस्कार करतात.

वाचकहो, तुमच्या घराचे दार समोरून सदा उघडे राहो आणि पाठीमागून वारा न शिरो. तुमच्या घरी जो सर्वांवर डोळे वटारतो, तोच थंडीत दाराशी बसून सर्वांना राखो. आणि हिवाळ्यात जितके आत गेले, त्याहून अधिक वसंतात बाहेर येवोत, हाच आम्हा उभयतांचा तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला आशीर्वाद.